तळीयेची दरड, दहा मीटरच्या चौकटीत

22 जुलै 2021. महाड तालुक्यातल्या तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच दिवशी पोलादपुरातही दरडी कोसळल्या. शेजारच्या महाबळेश्वरात 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला.

अशी दरड उपग्रहाला कशी दिसते? युरोपचा सेंटिनेल-2 साधारण 786 किलोमीटरवरून जमीन टिपतो. त्याच्या चित्रातला सर्वांत बारीक ठिपका म्हणजे दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद जमीन. वाडीतलं एखादं घर, अंगणासकट, त्यात मावतं. ठिपक्यात फोटो नसतो, आकडे असतात. हिरवं पान तांबडा प्रकाश शोषतं आणि डोळ्याला न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश जोरात परतवतं. समजा, रानाच्या ठिपक्यात अवरक्त 0.40 आणि तांबडा 0.05 आला. दोन्हींच्या वजाबाकीला बेरजेनं भागलं की 0.78 मिळतात. दरडीनंतर तिथे उघडी माती आली, आकडे 0.25 आणि 0.18 झाले, तर उत्तर 0.16 वर घसरतं. आधीच्या चित्रातून नंतरचं वजा करा, डोंगरावरचा ओरखडा उमटतो.

पण संगणक भोळा असतो. भाजलेला राब, नांगरलेलं वरकस, रस्त्यासाठी कापलेला डोंगर, त्याला सगळंच दरड वाटतं. म्हणून उंचीच्या नकाशावरून उतार काढून सपाट जागा गाळतात. उरलेलं माणसानं डोळ्यांनी तपासायचं. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने 2023 मध्ये उपग्रह-चित्रांवरून काढलेल्या दरडींच्या अ‍ॅटलासमध्ये देशभरातल्या सुमारे 80,000 दरडी आहेत.

खरी पंचाईत ढगांची. जुलैत सह्याद्री झाकलेलाच असतो. रडार ढगांतून आरपार बघतं, पण ते तिरकं बघतं. घाटातले कडे चित्रात एकमेकांवर कलंडतात, काही उतार सावलीत जातात. शिवाय सेंटिनेल-1 या रडार उपग्रहाच्या साडेपाच सेंटिमीटरच्या लहरी दाट पानांवरूनच परततात. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या निसार या रडार उपग्रहाची लांब लहर सुमारे 24 सेंटिमीटरची आहे, ती पानांखाली अधिक पोचते. उतार सेंटिमीटर-सेंटिमीटरने सरकत असेल तर निसारला ते कळू शकतं. मात्र तो त्याच जागेवर 12 दिवसांनी येतो, आणि भिजलेला डोंगर काही मिनिटांत खाली उतरतो.

म्हणून मला उपग्रह इशारा देणारा वाटत नाही. कुठली वाडी धोक्याच्या उताराखाली आहे याची यादी करायला त्याच्याइतका चांगला कारकून नाही. यादीतली वाडी कोणत्या रात्री रिकामी करायची, हे मात्र पावसाच्या आकड्यावर ठरतं. राज्याची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळागणिक आहेत. घाटात पाऊस दोन-चार किलोमीटरवर बदलतो, त्यामुळे मंडळाच्या गावातलं माप वरच्या वाडीला लागू पडेलच असं नाही. पर्जन्यमापक वाडीतच हवा.