ताटातला मोठेपणा

संक्रांत होऊन आठवडा झालेला. जबलपूरमधल्या एका मराठी घरी हळदीकुंकू आहे. थंडीत या शहराच्या बाजारात मटारच्या शेंगांचे ढीगच्या ढीग येतात, जबलपूर जिल्हा त्यासाठीच ओळखला जातो. तेव्हा मटारच्या करंज्या हव्यातच. सोबत इथली खासियत, खव्याची काळपट, जाडसर जिलबी. यजमानीण सकाळपासून ओट्यापाशी उभी आहे.

बशी हातात येताच एक पाहुणी ती दोन बोटांनी पुढे सरकवते. ''नको गं. आमच्याकडे मैदा आणि साखर दोन वर्षांपासून बंद आहे. तू अजून रिफाइंडमध्येच तळतेस?''

''दाण्याचं तेल आहे हो, वहिनी,'' यजमानीण कशीबशी म्हणते.

''घाण्याचं का?''

शेजारी बसलेल्या बाईच्या हातातली अर्धी करंजी हळूच बशीत परत जाते. आणखी एकीला एकाएकी आठवते की, आज आपले पोट जरा जडच आहे. सकाळपासूनच्या खपण्याचे चीज होण्याऐवजी यजमानीण आपल्याच घरात गुन्हेगारासारखी उभी राहते.

मैदा, साखर कमी करण्यात वाईट काहीच नाही. मधुमेह असलेली बाई ''मला साखर चालत नाही, करंजी मात्र दे'' म्हणते, तेव्हा कुणालाच राग येत नाही. खटकतो तो ''आमच्याकडे बंद आहे'' यातला स्वर. त्यात प्रकृतीची काळजी थोडी आणि आपण इतरांपेक्षा वरच्या पायरीवर आहोत हे ऐकवण्याची हौस फार. विनोबांनी जबलपूरला 'संस्कारधानी' म्हटले, असे इथले लोक अभिमानाने सांगतात. पानातल्या अन्नाला नावे ठेवू नयेत, हा तर आपल्या घरातला अगदी पहिला संस्कार!

नवे सोवळे

ताटावरून माणूस जोखण्याची खोड आपल्याला नवी नाही. कुणाच्या हातचे पाणी चालते, कुणाकडे कांदा-लसूण शिजतो, यावरून पिढ्यानपिढ्या माणसे जवळ केली गेली आणि दूर लोटली गेली. शहरांत ते सोवळे सैल झाले. आता तिथे सेंद्रिय, ग्लुटेनमुक्त, कोल्ड-प्रेस्ड असे नवे शब्द येऊन बसले आहेत.

या नव्या सोवळ्याची गंमत म्हणजे त्यातले पवित्र पदार्थ एका पिढीतही टिकत नाहीत. आज सत्तरीत असलेल्या कितीतरी सासवांनी माहेरी भाकरी खाल्ली, सासरी आल्यावर पांढराशुभ्र तांदूळ आणि गव्हाची पोळी हे सुखवस्तूपणाचे लक्षण म्हणून पाहिले. मग घाण्याचे तेल जाऊन हृदयासाठी उत्तम म्हणून रिफाइंड तेलाचा डबा घरात आला. आता तोच डबा सून लपवून ठेवते आणि घाण्याचे तेल चौपट कौतुकाने आणते. सासूबाई काही बोलत नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू लपत नाही.

हातसडीचा तांदूळ, घाण्याचे तेल, गूळ यांचा आग्रह आपल्याकडे फार पूर्वी धरला गेला होता. १९३४ साली वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा गांधीजी आणि कुमारप्पा हेच सांगत होते. पण त्यांच्या हिशेबात जीवनसत्त्वांइतकीच तांदूळ सडणाऱ्या बाईची आणि घाणा चालवणाऱ्या तेल्याची मजुरीही होती. आजच्या बैठकीतल्या चर्चेतून नेमकी हीच माणसे गायब झाली आहेत.

हलके धान्य भारी झाले

जबलपूरहून पूर्वेकडे निघाले की मंडला आणि दिंडोरी हे जिल्हे लागतात. डोंगराळ, हलक्या जमिनीचा, गोंड आणि बैगा आदिवासींचा मुलूख. इथे कोदो आणि कुटकी पिकते. कोकणात ज्याला हरीक म्हणतात ते कोदो. कुटकी आपल्या वरीच्या जातकुळीतली. खत, पाणी फारसे न मागता मुरमाड जमिनीत येणारे हे धान्य. त्याची पातळ पेज पिऊन माणसे दिवसभर रानात राबत. 'पेज' हा शब्दही तिकडे तोच आहे, कोकणातल्यासारखा.

हे गरिबाचे धान्य होते, म्हणून त्याला मान नव्हता. गावात पाहुणा आला की विकतचा तांदूळ शिजायचा आणि कोदो मडक्यातच राहायचे. पुढे रेशनचा तांदूळ-गहू आला, शहरी चालीचे खाणे आले, आणि कोदोची शेते कमी होत गेली. मग वारे फिरले. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. आपल्या झोपडीत भरडधान्यांच्या बियाण्यांची पेढी जमवणाऱ्या दिंडोरीच्या लहरीबाई या बैगा तरुणीचे त्याच वर्षी पंतप्रधानांनी जाहीर कौतुक केले. ३ जानेवारी २०२४ रोजी मध्य प्रदेशाच्या मंत्रिमंडळाची बैठक मुद्दाम जबलपुरात भरली आणि गढा-मंडल्याच्या गोंड राणीच्या नावाने 'राणी दुर्गावती श्रीअन्न प्रोत्साहन योजना' मंजूर झाली. कोदो-कुटकी पिकवणाऱ्यांना किलोमागे १० रुपये जादा देण्याची ती योजना.

शहरात हेच कोदो देखण्या कागदी पाकिटात बसून येते आणि तांदळापेक्षा कितीतरी महाग विकले जाते. ज्यांना 'कोदो खाणारे' म्हणून हिणवले, त्यांचेच अन्न आता मोठेपणा मिरवायला उपयोगी पडते. त्या माणसांचा मान मात्र पाकिटाच्या किमतीबरोबर वाढलेला दिसत नाही.

शिवाय 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' हेही खरे नव्हे. कापणीच्या वेळी पाऊस लागला की कोदोवर बुरशी धरते आणि ते विषारी होते. खाणाऱ्याला गुंगी येते, उलट्या होतात. अशा दाण्याला 'मतौना कोदो' असे नावच आहे. ऑक्टोबर २०२४च्या अखेरीस जबलपूरपासून फार दूर नसलेल्या बांधवगडच्या जंगलात १० हत्ती मेले. बरेलीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या अवशेषांत सायक्लोपियाझोनिक आम्ल सापडले. ते बुरशी लागलेल्या कोदोतून आले होते. म्हणून काही कोदो वाईट ठरत नाही. पण ते कधी खावे आणि कधी नाही हे ज्या बायकांना डोळ्यांनी, नाकाने कळते, त्यांचा सल्ला पाकिटावर छापलेला नसतो.

जास्त पौष्टिक की जास्त महाग?

सेंद्रिय अन्न खरोखर अधिक पौष्टिक असते का? २०१२ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी तोवरचे संशोधन तपासले. पौष्टिकतेत ठळक फरक असल्याचा सबळ पुरावा त्यांना मिळाला नाही. कीटकनाशकांचे अंश मात्र सेंद्रिय मालात कमी आढळतात, असे दिसले. २०१४ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी काही उपयुक्त घटक सेंद्रिय पिकांत जास्त असतात, असा निष्कर्ष काढला. थोडक्यात, सेंद्रिय भाजी घेणारी गृहिणी चूक करत नाही, आणि साधी भाजी स्वच्छ धुऊन, ताजी शिजवून घालणारी मुलांना विष घालत नाही.

सेंद्रिय शेतीच्या बाजूने सगळ्यात बळकट मुद्दा खाणाऱ्याचा नाहीच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. औषध त्यांच्या अंगावर उडाले होते, नाकातोंडात गेले होते. फवारणी कमी व्हावी ती आधी त्यांच्यासाठी. दुसरी बाजूही आहे. तणनाशक बंद केले तर तण उपटायला हात लागतात, आणि आपल्याकडे खुरपणीला बहुतेक बायकाच असतात. तणांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था जबलपुरातच आहे, हा एक योगायोग. निर्मळ धान्यासाठी दिवसभर वाकून खुरपणाऱ्या बाईला मजुरी किती मिळाली, हे मात्र हळदीकुंकवात कुणी विचारत नाही.

घ्यायचेच असेल तर डोळे उघडे ठेवून घ्यावे. नुसते 'ऑरगॅनिक' किंवा 'शुद्ध देशी' छापले म्हणून माल सेंद्रिय होत नाही. 'जैविक भारत' हे चिन्ह २०१७ सालापासून आहे, ते पाकिटावर पाहावे. वार्षिक पिकांसाठी जमीन साधारण दोन वर्षे रसायनांशिवाय कसावी लागते, तेव्हा कुठे प्रमाणपत्र मिळते. प्रमाणित सेंद्रिय क्षेत्रात मध्य प्रदेश देशात आघाडीवर आहे, तेव्हा जबलपूरकरांना असा माल शोधायला परदेशी नावांच्या मागे जायला नको.

एका घरात दोन स्वयंपाक

या हौसेचा खरा भार पडतो तो घरातल्या बाईवर. नवरा कुठेतरी काहीतरी वाचतो आणि जाहीर करतो, ''उद्यापासून गहू बंद.'' गहू त्याचा बंद होतो. मुलांना पोळी हवी असते, सासऱ्यांना मऊ भात. एका ओट्यावर दोन-दोन, तीन-तीन स्वयंपाक सुरू होतात. कामवालीसाठी मात्र वेगळे तेल, वेगळा तांदूळ, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही.

मुलांचे हाल निराळेच. मित्राच्या वाढदिवसाला केक खाल्ला की 'काय घाण खाल्लीस' म्हणून घरी खटला चालतो. अन्नाची भीती बसते, किंवा लपून खायची सवय लागते. शुद्ध खाण्याचा ध्यास माणसाला पार पोखरू शकतो, हे ओळखून स्टीव्हन ब्रॅटमन या अमेरिकन डॉक्टरांनी १९९७ साली त्याला 'ऑर्थोरेक्सिया' असे नाव दिले. ते स्वतःच एकेकाळी या ध्यासात अडकले होते.

सेंद्रिय पदार्थांची नुसती चित्रे पाहूनही माणसे इतरांना अधिक कठोरपणे जोखतात, असा एक प्रयोग २०१२ साली अमेरिकेत गाजला होता. पुढे इतरांनी तो पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसा परिणाम जवळजवळ दिसला नाही. म्हणजे दोष पालकाच्या जुडीचा नाही, जिभेचा आहे. आणि जिभेला आवर घालणे आपल्या हातात असते.

हळदीकुंकू आटोपते. उरलेल्या करंज्या डब्यात भरल्या जातात. फळीवर गेल्या आठवड्यात त्याच पाहुणीने लुटलेले वाण पडून आहे: 'ऑरगॅनिक कोदो, अर्धा किलो'. कसे करायचे हे ठाऊक नाही, म्हणून यजमानणीने ते उघडलेलेच नाही. भांडी घासायला आलेली मंडल्याकडची बाई पाकीट उचलून पाहते, किंमत वाचते आणि खुदकन हसते. ''अरे, ये तो कोदो है, दीदी! इतने का?''

मग ती पाकीट फोडते, मूठभर दाणे तळहातावर चोळते, नाकाशी नेते. धान्य पावसात भिजलेले नाही, याची खात्री झाल्यावर पाणी किती घालायचे ते बोटाच्या पेरांवर मोजून दाखवते. यजमानीण तिच्यापुढे करंज्यांची बशी ठेवते. ती दोन खाते, दोन मुलांसाठी मागून घेते, आणि गॅसवर कोदो चढते.