यूजनेटचें दार कसें उघडावें

संगणकावर चर्चा करावयाची म्हणजे एखाद्या बड्या कंपनीच्या अंगणांतच गेलें पाहिजे, असा समज आज रूढ झाला आहे. परंतु ज्याचा कोणी एक धनी नाहीं, असें एक जुनें चर्चास्थान अद्याप चालू आहे. त्याचें नांव यूजनेट. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाचे विद्यार्थी टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस यांनीं १९७९ मध्यें त्याची कल्पना मांडली व १९८० मध्यें तें चालू झालें. विद्यार्थ्यांनींच उभारलेल्या या साधनाची आमच्या विद्यार्थिमित्रांस ओळख व्हावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

यूजनेटची रचना समजण्यास सोपी आहे. गांवोगांवच्या शाळांत सूचनाफलक आहेत, आणि एका फलकावर कोणी कागद लावला कीं त्याची नक्कल इतर फलकांवर आपोआप लागते, अशी कल्पना करा. हे फलक म्हणजे सर्व्हर, आणि ते वाचण्याचें साधन म्हणजे न्यूजरीडर. गूगल ग्रुप्समधील यूजनेटची सोय २२ फेब्रुवारी २०२४ रोजीं बंद झाली; तेव्हां न्यूजरीडर जोडणें हाच आतां सरळ मार्ग होय. थंडरबर्ड हा विनामूल्य प्रोग्राम ईमेलबरोबर हें कामहि करतो.

प्रथम सर्व्हर निवडावा. ‘इटर्नल सप्टेंबर’ या सर्व्हरवर विनामूल्य नोंदणी करून सदस्यनाम व पासवर्ड घ्यावा. नंतर थंडरबर्डमध्यें न्यूजग्रुपचें नवें खातें उघडावें. तेथें आपलें नांव, ईमेलचा पत्ता व सर्व्हरचें नांव भरावें लागतें. पुढें सर्व्हरच्या सेटिंगमध्यें पोर्टचा आंकडा पाहावा. ११९ हा साधा पोर्ट आहे. सुरक्षित जोडणीसाठीं टीएलएस निवडून ५६३ हा आंकडा घालावा, म्हणजे पासवर्ड वाटेंत कोणास वाचतां येणार नाहीं. जोडतांना सर्व्हरनें ओळख विचारावी, या पर्यायावरहि खूण करावी. शेवटीं गटांची यादी मागवून हवे ते गट निवडावे. ‘साय’नें आरंभ होणारे गट विज्ञानाचे, ‘कॉम्प’चे संगणकाचे, ‘रेक’चे छंदांचे. ‘सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी’ या नांवाचाहि एक गट आहे.

इतकें झालें कीं लगेच लिहावयास बसूं नये. एकदां पाठविलेल्या लेखाच्या नकला अनेक सर्व्हरांवर जातात. तो परत घ्यावा म्हटलें तरी बहुतेक सर्व्हर ती विनंति मानीत नाहींत. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टॉरवल्ड्स यानें २५ ऑगस्ट १९९१ रोजीं आपल्या छंदाविषयीं एका गटांत चार ओळी लिहिल्या. त्या छंदांतून लिनक्स निर्माण झालें, व त्या ओळी लोक आजहि वाचतात. परंतु रागाच्या भरांत लिहिलेली ओळहि अशीच मागें राहते, हें विसरूं नये. यासाठीं घरचा पत्ता व फोनचा आंकडा कधींहि लिहूं नये; चांचणीचा लेख चांचणीच्याच गटांत टाकावा; आणि निदान आठ दिवस नुसतें वाचून तेथील रीत समजून घ्यावी.

पालकांसहि एक विनंति आहे. पुष्कळशा गटांवर कोणाची देखरेख नसते, व कांहीं गट मुलांस योग्य नाहींत. म्हणून गट निवडतांना आपण मुलांजवळ बसावें. जोडणी अर्ध्या तासांत होते. विचार करून लिहिण्याची संवय मात्र घरींच लागावी लागते.