मनालीची हवा आणि बाकरवडीचं फुगलेलं पाकीट

मे महिन्यात मनालीच्या मॉल रोडवर जा, कानावर हिंदीच्या बरोबरीनं मराठी पडतं. "अगं, कानटोपी घाल", "काका, आपली बस कुठं लागलीय?", "आज जेवायला पिठलं आहे म्हणे". शाळांना सुट्ट्या लागल्या, नागपूर-जळगाव तापायला लागलं की आपली मंडळी बियास नदीच्या खोऱ्यात येऊन दाखल होतात. टूरवाल्यांचे महाराज भांडीकुंडी घेऊन त्यांच्याही आधी पोहोचलेले असतात. मग सोलांग, रोहतांग, हिडिंबा, राफ्टिंग असं एकेक उरकत जायचं. उरकायला हरकत नाही, पण या खोऱ्यात गमती भरपूर आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा गाइडच्या पाठ केलेल्या भाषणात येत नाहीत.

पाकीट फुगतं, बटाटा शिजत नाही

पुण्याहून नेलेलं बाकरवडीचं किंवा चिप्सचं पाकीट रोहतांगच्या वाटेवर पिशवीतून काढून बघा. टम्म फुगलेलं असतं. माल खराब झालेला नाही. पाकिटात पुण्याची हवा आहे आणि बाहेर डोंगरातली. रोहतांग खिंड 3,978 मीटरवर आहे. तिथं हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरच्या दाबाच्या जेमतेम साठ टक्के भरतो. बाहेरून दाबणारं कोणी नाही म्हटल्यावर आतली हवा ऐसपैस पसरते.

त्याच कारणानं तिथं पाणी 100 अंशांपर्यंत जातच नाही, 87 अंशांच्या आसपास उकळायला लागतं. गॅस कितीही मोठा करा, पाणी त्याच्या वर तापत नाही. टपरीवरचा चहा उकळत्या भांड्यातून थेट कपात आला तरी त्याचा चटका कमी बसतो, तो यामुळे. आणि प्रेशर कुकर नसेल तर बटाटा दाद देत नाही.

याच कुलू जिल्ह्यात, पार्वती नदीकाठी मणिकरणला मात्र सगळं उलटं. तिथं जमिनीतूनच उकळतं पाणी वर येतं. गुरुद्वाऱ्याच्या लंगरासाठी डाळ-भाताची भांडी या उकळत्या पाण्याच्या कुंडात ठेवून शिजवतात. यात्रेकरू तांदळाची पुरचुंडी दोरीला बांधून सोडतात आणि थोड्या वेळानं भात वर काढतात. गॅस नाही, चूल नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजत बसण्यात आयुष्य गेलेल्या काकू इथं सगळ्यात जास्त वेळ रेंगाळतात, हे मी पाहिलेलं आहे.

पोपटी रंगाचा कोट

रोहतांगच्या रस्त्याला लागलं की पलचानपासून कोटांची दुकानं सुरू होतात. लाकडी फळ्यांची लांबच लांब रांग आणि प्रत्येकीवर भलामोठा नंबर. ड्रायव्हर नेमका एखाद्याच नंबरपुढे गाडी थांबवतो, का ते विचारायचं नाही. आत पोपटी, गुलाबी, नारिंगी कोट-पॅन्टी टांगलेल्या असतात. चेन हमखास अर्ध्यात अडकते. गमबूट मात्र घ्याच, कारण बर्फात आपले स्पोर्ट्स शूज पाचव्या मिनिटाला ओले होतात.

कोट लागतो तो उंचीमुळे. दर हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. मनाली आहे 2,050 मीटरवर, म्हणजे रोहतांगपर्यंतच्या 51 किलोमीटरच्या प्रवासात पारा बारा अंशांनी खाली येतो. त्यात एक मेख आहे. थंडी वाजते म्हणून लोक उन्हाकडे दुर्लक्ष करतात. उंचावर अतिनील किरणं जास्त, शिवाय ताजं बर्फ त्यातली 80 टक्क्यांपर्यंत परत वर फेकतं. त्यामुळे माणूस खालूनही भाजतो. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेला सनस्क्रीन लावणारा पर्यटक विचित्र दिसतो खरा, पण दुसऱ्या दिवशी तोच हसत असतो.

नदीचं घड्याळ

सकाळी खिडकीतून पाहिलेली बियास आणि संध्याकाळची बियास यांत फरक जाणवला तर तो भास नाही. उन्हाळ्यात हिचं पाणी मुख्यतः वितळलेल्या बर्फाचं असतं. वर ऊन तापतं, बर्फ वितळतं आणि ते पाणी खाली पोहोचेपर्यंत दुपार टळते. म्हणून संध्याकाळकडे नदी फुगते आणि पहाटे ओसरते. ट्रेकवाले ओढे सकाळी लवकर ओलांडतात ते याच हिशोबानं. सकाळी जिथं पाय बुडवून फोटो काढला, त्याच दगडावर चार वाजता जायचा हट्ट धरू नये.

राफ्टिंग चालतं कुलूजवळ पिरडीपासून झिरीपर्यंत, सुमारे 14 किलोमीटर. राफ्टमध्ये बसल्यावर तळाच्या कडेला भोकं दिसतील. घाबरू नका, ती मुद्दाम ठेवलेली असतात. राफ्टचा तळ हवा भरलेला, नदीच्या पातळीपेक्षा वर तरंगणारा असतो, त्यामुळे लाटेबरोबर आत आलेलं पाणी या भोकांतून आपोआप निघून जातं. बादलीनं उपसावं लागत नाही. सगळ्यात जास्त कोण भिजतं? पुढचे दोघं. फोटो चांगला येतो म्हणून तीच जागा धरून बसलेल्या जावईबापूंना हे पहिल्या लाटेला कळतं.

दरवर्षी 15 जुलै ते 15 सप्टेंबर राफ्टिंग आणि पॅराग्लायडिंग बंद असतं. पावसाळ्यातली बियास काय करू शकते हे जुलै 2023 च्या महापुरात सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं.

हीच नदी पुढे पंजाबात उतरते. इसवी सनपूर्व 326 मध्ये तिच्या काठावर अलेक्झांडरच्या सैन्यानं पुढे यायला साफ नकार दिला आणि जग जिंकायला निघालेला राजा मागे फिरला. लाइफ जॅकेट आवळून राफ्टमध्ये चढणाऱ्या आजींना ही गोष्ट जरूर सांगावी.

पळा, बसू नका

सोलांगला किंवा डोभीला पॅराग्लायडिंग करणारे नवखे सगळे एकच चूक करतात. उतारावर चार पावलं पळायचं असतं, पण छत्री वर उचलली गेली की हे लगेच खाली बसतात. पाय जमिनीवरून पूर्ण सुटेपर्यंत पळत राहायचं, बस्स. उडी मारायची नसतेच. छत्रीच्या आकारामुळे ती तरंगत पुढे सरकते, एक मीटर उतरताना साधारण आठ मीटर पुढे. सूर्य डोंगर तापवू लागला की दरीतून वर वाहणारा वारा सुटतो आणि त्यावर छत्र्या तरंगतात. भर दुपारी तोच वारा उसळतो, झोके बसतात. ज्यांना घाटात बस लागते त्यांनी सकाळचा नंबर लावावा.

देविकाराणीचं सासर

नग्गर बहुतेकांच्या कार्यक्रमात 'वेळ उरला तर' या सदरात असतं. माझ्या मते सोलांगचा अर्धा दिवस कापून इथं यावं. रशियन चित्रकार निकोलस रोरिक 1928 मध्ये इथं राहायला आले आणि 1947 मध्ये इथंच वारले. त्यांच्या हिमालयाच्या चित्रांतली निळाई अतिशयोक्त वाटते, ती गॅलरीतून बाहेर पडून समोर बघेपर्यंत. त्यांचा मुलगा स्वेतोस्लाव्ह यानं 1945 मध्ये लग्न केलं ते 'अछूत कन्या'च्या नायिकेशी, देविकाराणीशी. मालाडच्या बॉम्बे टॉकीजची मालकीण, पुढे पहिल्या दादासाहेब फाळके पुरस्काराची मानकरी, तिचं सासर हे.

जवळच नग्गरचा किल्ला आहे, खरं तर लाकूड-दगडाचा वाडा. देवदाराची तुळई, वर दगडांचा थर, पुन्हा तुळई, आणि मधे चुना-सिमेंट काही नाही. या बांधणीला 'काठकुणी' म्हणतात. 4 एप्रिल 1905 च्या कांगड्याच्या भूकंपात 20 हजारांहून जास्त माणसं गेली, पक्की बांधकामं कोसळली, पण हा वाडा उभा राहिला. जमीन हलली तसे त्याचे थरही थोडे हलले आणि पुन्हा जागेवर बसले.

आणि हिडिंबेचं देऊळ? 1553 चं, तेही लाकडी, देवदारांच्या गर्दीत. आत खडकावरच्या पाऊलखुणा पुजल्या जातात. मेच्या मध्यावर तिची जत्रा भरते, तेव्हा आसपासच्या गावांचे देव पालखीतून तिला भेटायला येतात. तारखा जुळल्या तर बाकीचे पॉइंट गेले उडत.

बोगद्यापलीकडे

रोहतांगखालून जाणारा अटल बोगदा 9.02 किलोमीटरचा, 3 ऑक्टोबर 2020 ला खुला झाला. अलीकडे हिरवेगार देवदार, दहा-पंधरा मिनिटांनी पलीकडे लाहौलचे उघडेबोडके डोंगर. महाबळेश्वर आणि वाईत जो फरक, तोच इथं अजस्र मापात: पावसाचे ढग डोंगराच्या अलीकडेच रिकामे होतात. आत गाडी थांबवून नाचणाऱ्यांना पोलिसांनी उचललेलं आहे, तेव्हा नाच पलीकडच्या सिस्सू गावात.

खायचं काय

मनालीत मेमध्ये सफरचंदं विकत घेऊ नका. या खोऱ्यात 1870 मध्ये बंदरोलला कॅप्टन ली यांनी बाग लावली तेव्हापासून सफरचंद इथलंच झालंय खरं, पण मेमध्ये ते झाडावर लिंबाएवढंही नसतं. दुकानात दिसतं ते शीतगृहातलं. महिन्याच्या शेवटी रस्त्याकडेला चेरीचे खोके लागतात, ते घ्या. मासे खाणाऱ्यांनी पतलीकुहलच्या बाजूला ट्राउट चाखावा. 1909 मध्ये इंग्रजांनी गळ टाकायच्या हौसेपोटी याची अंडी आणून कटराईनजवळ वाढवली होती. गार, वाहतं पाणी असेल तरच हा मासा खूश. शाकाहाऱ्यांसाठी सिड्डू: वाफवलेली गव्हाची जाड पोळी, आत अक्रोड किंवा खसखस, वर तुपाची धार. महाराजांना एक दिवस सुट्टी द्यायला हे कारण पुरेसं आहे.

टूरचा छापील कार्यक्रम हातात आला की आधी रोहतांगचा वार बघा. राष्ट्रीय हरित लवादाच्या मर्यादेमुळे तिथं रोज मोजक्याच गाड्यांना परवाना मिळतो, आणि मंगळवारी रस्त्याच्या डागडुजीसाठी पर्यटकांना खिंड बंद असते.