नवा मिनी ट्रॅक्टर महिन्याभरातच कुरकुरायला लागला, तर दोष कुणाचा आणि दाद कुठे मागायची?

यूट्यूबवर कुठल्याही मिनी ट्रॅक्टरचा रिव्ह्यू उघडा आणि व्हिडिओ बाजूला ठेवून फक्त कमेंट वाचा. "भाऊ, घेऊ नका", "ब्लोअरला इंजिन दबतंय", "50 तासांत ऑइल गळायला लागलं", "शोरूमवाला फोन उचलत नाही". अशा कमेंटच्या खाली हमखास दुसरा कुणीतरी लिहितो, "आमचा तीन वर्षं झाली, एक नंबर चालतोय." मॉडेल एकच, पण एकाला पस्तावा आणि दुसरा खूश.

असं का होतं? आणि आपल्या वाट्याला पहिल्यासारखा अनुभव आला, तर करायचं काय?

मिनी ट्रॅक्टर म्हणजे साधारण 15 ते 30 एचपीचा, अरुंद बांध्याचा ट्रॅक्टर. नाशिक, सांगली, सोलापूर पट्ट्यातल्या द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांमध्ये मोठा ट्रॅक्टर ओळीत शिरत नाही, म्हणून हा घेतला जातो. घेणारा बहुतेक वेळा कर्ज काढूनच घेतो. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला असला, तरी लहान शेतकऱ्यासाठी ही रक्कम छोटी नाही. त्यात द्राक्षाला फुलोऱ्यात फवारणी दोन दिवस पुढे गेली तरी डाऊनी हात धुऊन घेतो. त्यामुळे "गाडी सर्व्हिसला लावून जा, बघतो" हे उत्तर कारवाल्याला परवडेल, बागायतदाराला नाही.

आधी हे ठरवा: बिघाड आहे की अपेक्षाभंग?

हा प्रश्न ऐकून राग येईल, पण पुढचं सगळं यावरच ठरतं.

सगळ्यात जास्त तक्रारी "ताकदच नाही" अशा असतात. यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ बॉनेटवरच्या आकड्यात असतं. तिथे लिहिलेला एचपी हा इंजिनचा. रोटाव्हेटर आणि ब्लोअर चालतात ते पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या शाफ्टवर. इंजिनपासून तिथपर्यंत येताना गिअर आणि बेअरिंगमध्ये काही ताकद खर्च होते. साधारण 10 ते 15 टक्के घट धरून चाला. म्हणजे 24 एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर 20-21 एचपी मिळतात. अवजाराच्या माहितीपत्रकात "किमान 22 एचपी लागेल" असं लिहिलं असेल आणि तो आकडा पीटीओचा असेल, तर इंजिन दबणारच. यात ट्रॅक्टर खराब नाही, जोडी चुकली आहे. (विकणाऱ्याने ती जोडी स्वतःच सुचवली असेल, तर गोष्ट वेगळी. त्यावर पुढे येऊ.)

दुसरी तक्रार हादऱ्यांची. 15 एचपीच्या आसपासचे बरेच ट्रॅक्टर एका सिलिंडरचे असतात. फोर-स्ट्रोक इंजिनमध्ये एका सिलिंडरला क्रँकच्या दोन फेऱ्यांमध्ये एकदाच धक्का मिळतो. तीन सिलिंडर असतील तर तेवढ्याच दोन फेऱ्यांत तीन धक्के मिळतात. त्यामुळे एक सिलिंडरवाला थरथरतो, आयडलवर तर जास्तच. मित्राच्या तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरवर बसून मग आपला घेतला असेल, तर फरक जाणवणारच.

तिसरी तक्रार, पुढची चाकं उचलतात. छोट्या ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन हजार किलोच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. मागे लिफ्टवर 400 लिटरची टाकी टांगली, की नुसतं पाणीच 400 किलो झालं. पुढे वजनं लावली नाहीत तर स्टिअरिंग हलकं पडतं. चढावर हे धोक्याचंही आहे.

गरम होण्याची तक्रारही अशीच तपासून घ्यावी लागते. बागेत पाला आणि धूळ रेडिएटरच्या जाळीवर बसते आणि हवा अडते. रोज जाळी साफ करूनही काटा वर जात असेल, तर मात्र थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप किंवा हेड गॅस्केट बघायला हवं.

आता ज्या गोष्टींना कुठलीही सबब चालत नाही, त्या बघू. नव्या ट्रॅक्टरच्या इंजिन किंवा गिअरबॉक्समधून तेल गळणं. इंजिन ऑइलला दुधाळ रंग येणं, म्हणजे त्यात पाणी मिसळणं. गिअर आपोआप निसटणं. उचललेली लिफ्ट हळूहळू खाली बसणं. ब्रेक एका बाजूला ओढणं. एकच भाग बदलूनही पुन्हा पुन्हा जाणं. पहिल्या सर्व्हिसला, जी अनेक कंपन्या 50 तासांच्या आसपास ठेवतात, तेलात थोडी बारीक धातूची पूड दिसणं नेहमीचं आहे. नवे भाग एकमेकांवर घासून बसतात, म्हणूनच ते तेल लवकर बदलायला सांगतात. पण धातूचे तुकडे दिसले तर ते "नवीन आहे, बसेल" या खात्यात जात नाहीत.

सरकार ट्रॅक्टर तपासत नाही का?

तपासतं. मध्य प्रदेशात बुधनी इथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण आणि चाचणी संस्था आहे. पीटीओवर प्रत्यक्ष किती ताकद मिळाली, किती डिझेल लागलं, लिफ्टने किती वजन उचललं, ब्रेक कसे लागले, हे सगळं तिथे मोजतात. चाचणीनंतर इंजिन उघडून भागांची झीज मोजतात आणि चाचणीदरम्यान काय बिघडलं याचीही नोंद होते. व्यापारी चाचण्यांचे अहवाल लोकांना बघायला मिळतात. माझ्या मते खरेदीआधी वाचण्यासारखा याहून प्रामाणिक कागद दुसरा नाही. तरी रिव्ह्यूचे दहा व्हिडिओ बघणारा माणूस हा अहवाल एकदाही उघडत नाही.

पण त्याची मर्यादाही लक्षात घ्या. चाचणी होते ती नमुन्याची. तुमच्या दारात आलेल्या ट्रॅक्टरचं ऑइल सील कुणी कसं बसवलं, हे बुधनीचा अहवाल सांगू शकत नाही. एकाच मॉडेलखाली दोन टोकाच्या कमेंट दिसण्याचं एक कारण हेच. दुसरं कारण डिलर. ट्रॅक्टर ताब्यात देण्याआधी नट-बोल्ट, तेलाची पातळी, गळती, हवा हे सगळं तपासायचं काम त्याचं असतं. सीझनच्या गर्दीत किंवा दसऱ्या-पाडव्याच्या मुहूर्ताला एका दिवसात ढीगभर ट्रॅक्टर बाहेर पडतात, तेव्हा ही तपासणी कशी होत असेल याचा अंदाज करा.

वॉरंटी आहे ना, मग काळजी कसली?

ट्रॅक्टरची वॉरंटी बहुधा "इतकी वर्षं किंवा इतके तास, यातलं जे आधी येईल ते" अशी असते. भाड्याने फिरणाऱ्या ट्रॅक्टरचे तास वर्षांच्या खूप आधी संपतात. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुतेक वेळा त्या त्या कंपनीची असते, ट्रॅक्टर कंपनीची नाही. फिल्टर, रबरी भाग, क्लच प्लेट यांसारख्या झिजणाऱ्या वस्तू सहसा बाहेरच असतात. सर्व्हिस वेळेवर झाली नाही किंवा बाहेरच्या मेकॅनिकने हात लावला, तर नकाराला आयतं कारण मिळतं.

म्हणून एक काम कराच. प्रत्येक वेळी जॉबकार्ड मागा. त्यावर तारीख, तास मीटरचा आकडा आणि तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. "जनरल चेकअप" असं लिहिलेलं जॉबकार्ड पुढे काही कामाचं नाही. आमच्या नात्यातल्या एका बागायतदाराने हायड्रॉलिकच्या एकाच तक्रारीसाठी चार फेऱ्या मारल्या. त्यातल्या तीन फेऱ्या कागदावर "तेल पाहिले, ओके" एवढ्याच उरल्या. चौथ्यांदा त्याला सांगण्यात आलं की तुमची ही पहिलीच तक्रार आहे.

कायदा कुणाच्या बाजूने आहे?

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात "दोष" या शब्दाची व्याख्या रुंद आहे. वस्तूच्या गुणवत्तेत किंवा दर्जात असलेली कुठलीही उणीव त्यात येते. मग तो दर्जा कायद्याने घातलेला असो वा विकणाऱ्याने कबूल केलेला. "हा ब्लोअर या ट्रॅक्टरवर आरामात चालेल" असं विक्रेत्याने लिहून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं असेल, तर तो मेसेज जपून ठेवा.

कंपनीचा वकील बहुधा पहिला मुद्दा मांडतो तो असा, की ट्रॅक्टर व्यवसायासाठी घेतला, म्हणून हा ग्राहकच नाही. पण स्वतःच्या कष्टावर पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा व्यापारी वापरात धरत नाही. बियाण्यांच्या एका प्रकरणात 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शेतकरी हा ग्राहक असल्याचं मान्य केलं होतं. चार ट्रॅक्टर घेऊन ड्रायव्हर ठेवून भाड्याने फिरवत असाल, तर मात्र हा बचाव लंगडा पडतो.

"नवाच ट्रॅक्टर बदलून द्या" ही मागणी मान्य होणं अवघड असतं. 2006 मध्ये एका कारच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची हमी असेल, तर कंपनीची जबाबदारी तेवढीच, पूर्ण गाडी बदलण्याची नाही. त्यामुळे तक्रारीत एकच मागणी करू नका. ट्रॅक्टर बदला किंवा पैसे परत द्या, ते नसेल तर मोफत दुरुस्ती करा, वॉरंटी वाढवा आणि नुकसानभरपाई द्या, असा क्रम ठेवा. उत्पादनातला दोष सिद्ध करायला तज्ज्ञाचं मत लागतं. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा राहुरीसारख्या कृषी विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागाकडून तपासणी अहवाल मिळतो का, हे विचारून बघा. आयोगही चाचणीचा आदेश देऊ शकतो, पण तिची फी आधी तक्रारदारालाच भरावी लागू शकते.

डिलर आणि कंपनी, दोघांनाही प्रतिवादी करा. गोव्यातल्या एका ग्राहकाला 2011 मध्ये डिलरने 2009 चं मॉडेल, तेही शेकडो किलोमीटर चाललेलं, नवं म्हणून विकलं होतं. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात कंपनीला जबाबदार धरलं नाही, कारण डिलरच्या या कृत्याची कंपनीला माहिती असल्याचं सिद्ध झालं नव्हतं. ट्रॅक्टर घेतानाही चासी नंबर, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि तास मीटर ताबा घेण्याआधीच बघून फोटो काढून ठेवा.

प्रत्यक्षात करायचं काय?

आधी डिलर आणि कंपनी दोघांना ईमेल करा आणि स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा. मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण कंपनीच्या मुख्य कार्यालयापर्यंत तक्रार पोचवते आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. 50 लाखांपर्यंतचं प्रकरण तिथे चालतं. ट्रॅक्टर 5 लाखांपर्यंतचा असेल तर फी शून्य, 5 ते 10 लाखांमध्ये असेल तर 200 रुपये. वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येतो. कायद्यात निकालाची मुदत तीन महिने आणि चाचणी लागली तर पाच महिने आहे. प्रत्यक्षात यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे धरूनच चला.

आणि व्हिडिओ व्हायरल करायचा का? गळणारं तेल दाखवा, तास मीटर दाखवा, जॉबकार्ड दाखवा. पण "ही कंपनी चोर आहे" असं म्हटलंत तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीची नोटीस येऊ शकते. मग तुमचा ट्रॅक्टर बाजूला राहतो आणि तुम्हीच बचाव करत बसता. मूळ फाइल फोनमध्ये जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेल्या प्रतीत मूळ तारीख राहत नाही.

रागाच्या भरात कर्जाचा हप्ता मात्र थांबवू नका. बँकेचा करार वेगळा आहे आणि ट्रॅक्टर बिघडला म्हणून तो थांबत नाही. हप्ते थकले की ट्रॅक्टर ओढून नेला जातो आणि दोष दाखवायला तो तुमच्याकडे उरत नाही.

तक्रारीची मुदत आहे कारण घडल्यापासून दोन वर्षं. "पुढच्या महिन्यात कंपनीचा इंजिनिअर येणार आहे" असं डिलर सांगत राहिला, म्हणून ती मुदत आपोआप पुढे सरकत नाही.