पळण्याआधीची पंधरा मिनिटं

हिवाळ्यात पहाटे कुठल्याही मैदानावर हे दृश्य दिसतं. माणूस गाडीवरून उतरतो, एक पाय कठड्यावर टाकतो, वाकून दोन-चार हिसके देतो आणि थेट पळत सुटतो. हेतू चांगला असतो, पण क्रम उलटा असतो. गार स्नायूंना ताण देणं म्हणजे वॉर्म-अप नव्हे. आधी अंग तापवायचं, मग मोकळं करायचं आणि मगच वेग घ्यायचा.

तापवायचं हे शब्दशः खरं आहे. स्वस्थ बसलेलो असताना मांडीचे स्नायू शरीराच्या आतल्या ३७ अंशांपेक्षा थोडे गारच असतात. दहा-पंधरा मिनिटांच्या हलक्या हालचालीने त्यांचं तापमान दोन-तीन अंशांनी चढतं. असा स्नायू चपळपणे आखडतो आणि रक्तातला प्राणवायू त्याला सहज मिळतो. रक्ताचा ओघही वळावा लागतो. विश्रांतीत एकूण रक्तापैकी जेमतेम पाचवा हिस्सा स्नायूंकडे जातो, जोरात पळताना मात्र बहुतेक रक्त तिकडे लागतं. हा बदल व्हायला काही मिनिटं जातात. ती न देता पळायला लागलं, की पहिल्याच फेरीत धाप लागते आणि ‘आपल्याला पळणं जमत नाही’ असा चुकीचा समज होतो.

सुरुवात चालण्याने करावी. पहिली दोन-तीन मिनिटं रमतगमत, पुढची दोन-तीन झपझप आणि मग चार-पाच मिनिटं अगदी सावकाश पळावं. या वेळी आपल्याला सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटत असेल तर वेग जास्त आहे. घड्याळातल्या नाडीच्या आकड्यापेक्षा ही खूण भरवशाची. विशेषतः रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर प्रकारची गोळी सुरू असेल, तर नाडी फारशी चढतच नाही आणि आकडा फसवतो. अंगावरचं जॅकेट या टप्प्यात काढू नये. पाठीला किंचित ओल जाणवली की मग काढावं.

आता सांधे. घोटे आणि खांदे दोन्ही दिशांनी फिरवावेत, कमरेतून डावी-उजवीकडे वळावं. मिनिटभर पुरे. मान गरागरा फिरवू नये. हात ठेवून गुडघे गोल घुसळण्याची सवयही सोडावी, कारण गुडघा मुख्यतः बिजागरीचा सांधा आहे. त्याऐवजी आठ-दहा अर्ध्या बैठका काढाव्यात. हालचालीने सांध्यातलं वंगण, म्हणजे सायनोव्हिअल द्रव, नीट पसरतं.

यानंतर डायनॅमिक स्ट्रेचिंग, म्हणजे हलता-हलता दिलेला ताण. सर्वांत उपयोगी पायाचा झोका. एका हाताने झाड किंवा खांब धरावा, पाठ ताठ ठेवावी आणि बाहेरचा पाय खुब्यातून पुढे-मागे सोडावा. पहिले झोके गुडघ्याच्या उंचीपर्यंतच असू द्यावेत. पाय सैल झाला की उंची आपोआप वाढते. इथे हमखास चूक होते ती उंचीच्या हट्टाने. पाय वर फेकण्याच्या नादात कंबर मागे कमानीसारखी वाकते आणि ताण मांडीऐवजी पाठीवर येतो. दोन्ही पायांनी दहा-दहा झोके झाले, की लांब पावलं टाकत खाली बसत चालावं, मग गुडघे उचलत आणि मग टाचा मागे मारत थोडं अंतर जावं.

एका जागी धरून ठेवायचा ताण, म्हणजे स्टॅटिक स्ट्रेचिंग, वाईट नाही. पण एकच स्नायू मिनिटभर किंवा जास्त ताणून धरला, तर त्याची ताकद काही काळ थोडी घटते. वीस-तीस सेकंदांनी फारसं बिघडत नाही. तरी त्याची खरी जागा पळून झाल्यावर.

जे करायचं आहे, तेच आधी कमी जोरात करणं सर्वांत गुणकारी. तालमीत पैलवान कुस्तीआधी हौद्यातली माती फावड्याने उकरतात. माती मऊ होते आणि पुढे लागणारे पाठ, खांदे, मांड्याही तापतात. फिफाने फुटबॉलसाठी आखलेल्या ‘११+’ या सुमारे २० मिनिटांच्या कार्यक्रमातही भर आहे तो पळणं, ताकद आणि तोल यांवर. किशोरवयीन मुलींच्या नॉर्वेतल्या संघांवर त्याची चाचणी झाली, तेव्हा तो करणाऱ्यांमध्ये गंभीर दुखापती कमी आढळल्या. आपल्याला जोरात पळायचं असेल तर साठ-सत्तर मीटरच्या तीन-चार धावा वेग वाढवत काढाव्यात. आरामात पाच किलोमीटर पळायचं असेल तर हा टप्पा गाळला तरी चालेल, पहिला किलोमीटर सावकाश ठेवावा.

एवढं करून मग गप्पा मारत उभं राहिलं, की कमावलेली ऊब पंधरा-वीस मिनिटांत उतरते. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसारख्या शर्यतीत गर्दीमुळे सुरुवातीच्या रेषेमागे थांबावंच लागतं. तिथे अंगात जुना शर्ट असू द्यावा, जागच्या जागी पावलं टाकत राहावं.

विदर्भातल्या मे महिन्यात गणित उलटं होतं. हवाच तापलेली असते, त्यामुळे अंग लवकर तापतं आणि जास्त तापलं तर लवकर थकतं. तेव्हा पाच-सात मिनिटं, तीही सावलीत, पुरतात.

वॉर्म-अपमध्ये अंग काय सांगतंय तेही ऐकावं. पोटरीचा ताठरपणा काही मिनिटांत सुटत असेल तर पुढे जावं. एकाच जागी टोचणारं, पावलागणिक वाढणारं दुखणं असेल तर त्या दिवशी पळू नये. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर यांपैकी काहीही जाणवलं तर ‘पळाल्यावर बरं वाटेल’ म्हणून पुढे जाऊ नये. तिथेच बसावं, सोबत्याला सांगावं आणि लगेच दवाखाना गाठावा, स्वतः गाडी न चालवता.