तिशीनंतरही पुटकुळ्या जात नाहीत? मेडिकलवरून ट्यूब आणण्याआधी हे वाचा

दोन लेकरांची आई झाली तरी तोंडावरच्या पुटकुळ्या काही जात नाहीत, असं गावोगाव बायका एकमेकींना सांगतात. डॉक्टरकडे मात्र क्वचितच जातात. 'उष्णता वाढली', 'रक्त खराब झालं' म्हणून कडुलिंबाचा काढा प्यायचा, नाहीतर मेडिकलवरून एखादी ट्यूब आणायची, एवढ्यावर विषय संपतो. खरा घोळ त्या ट्यूबपासूनच सुरू होतो.

आधी पुटकुळी येते कशी ते बघू. कातडीत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. अँड्रोजेन नावाच्या हार्मोनमुळे त्या जास्त तेल सोडतात. हे हार्मोन पुरुषांचं म्हणून ओळखलं जातं, पण बाईच्या अंगातही ते थोडं असतंच. तेल आणि मेलेली कातडी यांनी छिद्र बुजतं, आत जंतू वाढतात आणि गाठ सुजते. रक्त चांगलं की वाईट, याचा इथे काही संबंध नाही.

हनुवटी, जबडा आणि मानेवर खोल, दुखऱ्या गाठी येत असतील आणि पाळीच्या आधी त्या वाढत असतील, तर हार्मोनचा हात असण्याची शक्यता जास्त. त्यासोबत पाळी ३५ दिवसांच्या पुढे लांबते, हनुवटीवर राठ केस येतात, डोक्याचे केस विरळ होतात, वजन वाढतं, असं असेल तर पीसीओएस आहे का ते तपासून घ्यावं. या आजारात पुढे शुगर होण्याची आणि दिवस राहायला अडचण येण्याची भीती असते, म्हणून हा नुसता तोंडाचा प्रश्न नाही. कित्येकींचे रिपोर्ट मात्र नॉर्मल येतात. त्यांच्या ग्रंथीच हार्मोनला लवकर दाद देतात. उपचार त्यांनाही लागू पडतात.

आता ती ट्यूब. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यापैकी नाव मागे बारीक अक्षरात असेल तर ते स्टेरॉइड आहे. चार-पाच दिवसांत लाली जाते, चेहरा उजळ दिसतो, शेजारीणही तीच ट्यूब मागते. काही महिन्यांनी कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, उन्हात खुरपायला गेलं की तोंडाची आग होते, आणि लावणं थांबवलं की पुटकुळ्या दुपटीने उसळतात. मग बाई पुन्हा तीच ट्यूब आणते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती सहज मिळतात. बरेच महिने लावत असाल तर एकदम न सोडता डॉक्टरला विचारून सोडा.

डॉक्टर बहुधा बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा अ‍ॅडापालीनपासून सुरुवात करतात. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, हरभऱ्याच्या दाण्याएवढं औषध सगळ्या तोंडाला पुरतं. सुरुवातीला थोडी आग होते, साल निघते. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, आणि बहुतेक जणी पंधरा दिवसांतच कंटाळून सोडून देतात. बेन्झॉइल पेरॉक्साइडने पदराचा आणि उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, तेवढं सांभाळा. लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा तोंडाला लावू नका. गाठ फोडली की डाग राहतो.

हार्मोनसाठी गर्भनिरोधक गोळ्या किंवा स्पायरोनोलॅक्टोन देतात, तीही तपासूनच. बीपी जास्त असेल, पायात रक्ताची गाठ झालेली असेल किंवा अर्धशिशीचा त्रास असेल तर ते आधी सांगायला लाजू नका. मोठ्या गाठींसाठी आयसोट्रेटिनॉइन हे जोरदार औषध आहे, पण त्याने पोटातल्या बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. ते चालू असताना आणि बंद केल्यावर किमान महिनाभर दिवस राहता कामा नयेत. वर सांगितलेली अ‍ॅडापालीन आणि स्पायरोनोलॅक्टोन हीसुद्धा गरोदरपणी चालत नाहीत. दिवस राहिल्याची शंका जरी असली तरी आधी डॉक्टरला सांगा.

जिल्हा रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत दाखवता येतं. तिथवर जाणं जमत नसेल तर उपकेंद्रातून ई-संजीवनीवर मोफत डॉक्टरशी बोलता येतं, आशाताईंना विचारा. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. पाळीच्या मागच्या तीन-चार तारखाही लिहून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात.