कूरस : गरिबीनं राखलेलं गाव

दगडी दप्तरं : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण एडिनबराचा किल्ला पाहिला. आज फोर्थची खाडी ओलांडून फाइफ परगण्यातल्या कूरसला जाऊ. लिहिताना कलरॉस, बोलताना कूरस. इथला ‘पॅलेस’ प्रसिद्ध आहे, पण तो कोणा राजानं बांधलेला नाही. १५९७ ते १६११ या काळात तो उभा केला कोळसा आणि मीठ विकून श्रीमंत झालेल्या सर जॉर्ज ब्रूस यांनी.

ब्रूस यांची अक्कलहुशारी खाणीत दिसली. कोळशाचा थर खाडीच्या तळाखाली शिरतोय म्हटल्यावर त्यांनी खाणही त्याच्यामागं पाण्याखाली नेली. खाडीत गोल दगडी बुरूज बांधून त्यातून आणखी एक विवर खाली उतरवलं. झिरपलेलं पाणी घोड्यांनी ओढायच्या बादल्यांच्या रहाटानं उपसलं जाई आणि कोळसा बुरुजावरूनच थेट गलबतात भरला जाई. या थंड मुलखात उन्हावर मीठ पिकणं कठीण, म्हणून कोळशाच्या धगीवर लोखंडी कढयांतून खारं पाणी आटवत. १६१७ मध्ये सहावा जेम्स राजा ही खाण पाहायला आला. बुरुजातून वर आल्यावर चहूबाजूंना पाणीच पाणी पाहून तो ‘दगा, दगा’ असं ओरडल्याची आख्यायिका आहे.

आता पॅलेस. भिंतींना पिवळसर चुन्याचा गिलावा, वर लाल कौलं. छपराखालच्या त्रिकोणी भिंतीच्या दोन्ही कडा पायऱ्यापायऱ्यांनी शिखराकडे चढत जातात. खिडक्या मुद्दाम जवळून पाहाव्यात : वरच्या अर्ध्या भागात शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या काचा, खालच्या अर्ध्या भागात लाकडी झडपा. काच महाग, त्यामुळे एवढ्या धनिकाच्या घरातही ती बेतानंच वापरली आहे. आतल्या पाइनच्या फळ्यांवर नीतिबोध करणारी रंगीत चित्रं आहेत. बाहेर दगडात मालकाची आद्याक्षरं कोरली आहेत. जुन्या भागावर ‘जी. बी.’ आणि १५९७, नव्यावर ‘एस. जी. बी.’ आणि १६११. मधल्या काळात मिळालेली ‘सर’ ही पदवी त्या एका जादा अक्षरात आली आहे.

पॅलेसबाहेर १६२६ चं टाउन हाउस आहे. त्याच्या माळ्यावर चेटकीण ठरवलेल्या बायकांना कोंडत. घड्याळाचा मनोरा १७८३ चा. गल्ल्यांच्या मधोमध उंच दगडांची ओळ आहे. ती प्रतिष्ठितांसाठी, बाकीच्यांनी कडेच्या चिखलातून चालायचं.

१६२५ च्या वादळानं खाण बुडवली आणि त्याच वर्षी ब्रूसही वारले. गावचा दुसरा धंदा भाकऱ्या भाजायच्या लोखंडी तव्यांचा. तोही अठराव्या शतकात कॅरनच्या कारखान्यातल्या स्वस्त ओतीव तव्यांपुढं टिकला नाही. गावाची रया गेली, पण घरं वाचली. इतर गावांत पैसा आला तशी जुनी घरं पाडून नवी उठली. कूरसमध्ये पाडायलाही पैसा नव्हता.

मात्र गरिबी घर पाडत नसली तरी गळकं छप्परही शाकारत नाही. त्यासाठी माणसं लागतात. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडनं पुढच्याच वर्षी ७०० पौंडांना पॅलेस विकत घेतला. मग गावातली साधी घरंही हाती घेतली. १९६० मध्ये फाइफमधल्या अशा लहान घरांसाठी ट्रस्टनं फिरता निधी उभारला. पडकं घर घ्यायचं, दुरुस्त करायचं, बाह्य रूप बदलणार नाही या अटीवर विकायचं आणि आलेल्या पैशांतून पुढचं घर घ्यायचं. पॅलेस तिकीट काढून पाहता येतो, पण शेजारच्या घरांत आजही बिऱ्हाडं आहेत. वारसा जपताना राहणाऱ्यांना उठवावं लागत नाही, हे या गावानं दाखवून दिलं आहे.

पुढच्या आठवड्यात : न्यू लॅनार्कच्या सूतगिरण्या आणि कामगारांच्या चाळी.